चालीसकट

आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, कवींच्या बैठका देवळातल्या उत्सवांइतक्याच नेमाने होतात आणि त्यांचा शिरस्ताही ठरलेला असतो. वाचनालयाच्या माडीवर सतरंजी, हातोहात फिरणारी वही, शेवटी चहा आणि भजी. त्या बैठकीत कोणी गीत घेऊन आले की ते वाचण्याआधी एक वाक्य हमखास उच्चारले जाते: "तशी ही कविता नव्हे, गाणे आहे." बोलणाऱ्याचा स्वर क्षमा मागितल्यासारखा असतो आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ती क्षमा देऊन टाकल्याचे औदार्य असते. मग गीत वाचले जाते, गळा असेल तर गायले जाते, 'छान' म्हटले जाते आणि काही चर्चा न होता वही पुढे सरकते. मुक्तछंदातल्या एका ओळीवर चहा निवेपर्यंत वाद घालणारी हीच माणसे गीतावर दोन वाक्येही बोलत नाहीत. मला या मौनाविषयी लिहायचे आहे. ते अनादरातून येते असे मला वाटत नाही. गीताविषयी काय बोलावे हेच आम्हां कवींना ठाऊक नसते, म्हणून ते येते. आणि इतर कुठे या अज्ञानाला सबब असली, तरी गोव्यात ती असायला नको.

असे म्हणण्याला कारण आहे. गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत मराठी ही बोलण्यातून आलेली भाषा नाही. चुलीपाशी, शेतात आणि बाजारात कोंकणी चालते. मराठी येते ती कीर्तनातून, भजनातून, आरतीतून, पोथीतून आणि जत्रेच्या रात्री होणाऱ्या नाटकातून. पोर्तुगीज अमदानीत राजभाषेचे शिक्षण वेगळेच होते आणि मराठी शाळा गावोगावच्या लोकांनी आपल्या हिमतीवर चालवल्या. पण ज्यांना त्या शाळेचे तोंड दिसले नाही त्यांच्याही कानात मराठी होती, कारण ती गायली जात होती. मूळ पेडण्यातल्या पालयेचे आणि बांद्याला वाढलेले अठराव्या शतकातले सोहिरोबानाथ आंबिये, तिसवाडीतल्या डोंगरी गावचे एकोणिसाव्या शतकातले कृष्णंभट्ट बांदकर, यांची पदे अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही पाठ असत. आमच्याकडे माणूस मराठी वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी मराठी गायला शिकत असे. ज्या भाषेशी आपली पहिली ओळख चालीतून झाली, त्या भाषेतल्या कवींनी चालीसाठी लिहिलेल्या शब्दांना दाराबाहेर चपलांपाशी बसवावे, हे मला नुसते चुकीचे नव्हे, तर कृतघ्नपणाचे वाटते.

बाकीबाब बोरकरांचे उदाहरण इथे टाळता येत नाही, आणि टाळण्याचे कारणही नाही. 1910 साली कुडचड्यात जन्मलेला आणि बोरीला आपले मानणारा हा कवी मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांत लिहीत राहिला आणि आपल्या कविता गाऊन म्हणत राहिला. ज्यांना ते आपले गुरू मानत, त्या भा. रा. तांब्यांच्या कवितेतही गाणे आधीपासून वसलेले होते. 1937 सालच्या आपल्या संग्रहाचे नावच बोरकरांनी 'जीवनसंगीत' ठेवले. पुढे ते आकाशवाणीत गेले. म्हणजे कविता आणि गाणे यांच्यातला उंबरठा ते आयुष्यभर सहज ओलांडत राहिले आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी असे त्यांना वाटले नाही. मात्र बोरकरांचा दाखला देऊन आमचे कवी सुटका करून घेतात ती अशी: बोरकरांची कविता गेय होती, ती आधी कविता होती आणि नंतर गायली गेली; गाण्यासाठीच लिहिलेले शब्द ही निराळी जात. मला हा भेद खरा वाटतो. फक्त त्यातून निघणारी उच्चनीचता मान्य होत नाही.

गाण्यासाठी लिहिलेले शब्द निराळे असतात, तर त्यांचे नियमही निराळे असणार, आणि ते शिकावे लागणार. गझलेच्या बाबतीत आम्ही हे केले. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' काढून गावोगावच्या नवशिक्यांच्या हातात दिली, आणि बघता बघता प्रत्येक बैठकीत काफिया, रदीफ, अलामत, मतला हे शब्द सराईतपणे वापरले जाऊ लागले. आज कोणी सदोष गझल वाचली तर शाळेतला मुलगाही अलामत, म्हणजे काफियातला कायम राखायचा स्वर, कुठे सुटली ते सांगतो. गझल श्रेष्ठ आहे म्हणून तिला बैठकीत जागा मिळाली असे नव्हे. तिच्यावर बोलायला आमच्याजवळ भाषा आली, म्हणून मिळाली. गीतावर बोलायची भाषा कवींकडे नाही, पण ती अस्तित्वातच नाही असेही नाही. ती संगीतकारांकडे आहे, भजनी मंडळाच्या बुवांकडे आहे, आणि सर्वांत जास्त आमच्या पेटीमास्तरांकडे आहे.

या मास्तरांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. गोव्यात उत्सवी रंगभूमी अजून जिवंत आहे. गावच्या देवाच्या उत्सवात गावचीच माणसे संगीत नाटक उभे करतात आणि त्यासाठी पेटीवर बसणारा माणूस बहुधा पंचक्रोशीतला जाणता असतो. त्याने शेकडो पदे डझनभर निरनिराळ्या गळ्यांतून बसवून घेतलेली असतात, त्यामुळे कोणता शब्द कोणत्या सुरावर तुटतो याचे ज्ञान त्याच्या बोटांत मुरलेले असते. आमच्या बैठकीत येणाऱ्या एका तरुण मुलीने अशाच एका उत्सवी नाटकासाठी गीत लिहिले होते. त्याची पहिली ओळ तिने आधी अशी केली होती: "पागोळ्यांना सूर लागला, अंगण गेले भिजुनी". बैठकीत एका ज्येष्ठांनी, गीतावर क्वचितच बोलतात तसे, एकच वाक्य उच्चारले, "ते 'भिजुनी' फार जुनाट वाटते, 'भिजून' कर", आणि तिने ते ऐकले. तालमीत मास्तरांनी ती ओळ दोनदा वाजवून पाहिली आणि हात भात्यावरून काढून म्हणाले, "बाय, इथे तोंड मिटते. मी थांबू कुठे?"

मास्तरांनी दोन शब्दांत जे सांगितले ते कवीच्या भाषेत मांडायचे तर असे मांडावे लागेल. 'भिजून' आणि 'भिजुनी' यांच्या मात्रा सारख्याच, चार चार. पण 'भिजून'मध्ये दीर्घ अक्षर मधे येते आणि शेवटी उच्चारात नुसता 'न्' उरतो; 'भिजुनी'त ते दीर्घ शेवटाला सरकते. ध्रुवपदाची ओळ परत परत येणार, तिच्या टोकाला गाणाऱ्याला थांबायचे, सूर धरायचा, पुढच्या अंतऱ्याकडे वळायचे, आणि यासाठी त्याला उघडा स्वर हवा. बंद व्यंजनावर सूर लांबवता येत नाही; लांबवला तर तो नाकात जातो. जुन्या पदांतून 'येउनी', 'जाउनी', 'पाहुनी' यांची जी रेलचेल दिसते आणि जिला आम्ही जुनाट अलंकरण म्हणून हसतो, तिच्यामागे छंदाची सोय तर असतेच, पण गळ्याचीही असते. कागदावर वाचणाऱ्याला जी धूळ वाटते, ती गाणाऱ्याला पायरी असते. ही गोष्ट आमच्या बैठकीतल्या एकालाही सुचू नये आणि शाळेच्या दहा इयत्ता न ओलांडलेल्या माणसाला पहिल्या सुरात कळावी, याचा अर्थ आमची समज तोकडी आहे असा नसून आम्ही प्रश्न चुकीच्या माणसांना विचारतो असा आहे.

हेच 'रे', 'ग', 'हो', 'बाई' या शब्दांचे. कवितेच्या कार्यशाळेत पहिल्या तासाला सांगतात की भरतीचे शब्द गाळा. नियम चांगला आहे, मात्र भरती कोणती आणि खांब कोणता हे ओळखता आले पाहिजे. वेऱ्याच्या शंकर रामाणींची 'दिवे लागले रे, दिवे लागले रे' ही ओळ घ्या. ती कविता म्हणूनही मोठी आहे आणि गाणे म्हणूनही मराठी कानांत पोचलेली आहे. त्यातला 'रे' काढून पाहा: अर्थामध्ये तसूभरही फरक पडणार नाही, आणि ओळ जमीनदोस्त होईल. कारण 'दिवे ला', 'गले रे' असे लघु, गुरू, गुरू यांचे गट चार वेळा येतात तेव्हा तो भुजंगप्रयात वृत्ताचा चरण होतो. रामदासांचा 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' याच चालीने चालतो. तिन्हीसांजेला तुळशीपाशी पणती लावून मुलांकडून मनाचे श्लोक म्हणवून घेणाऱ्या घरांत ही लय किती खोल गेलेली असते ते निराळे सांगायला नको. रामाणींची कविता अंधाराच्या तळाशी लागलेल्या दिव्यांविषयी बोलते आणि त्याच वेळी तिची लय वाचकाच्या कानातली दिवेलागण जागी करते. हे त्यांनी योजून केले की त्यांच्याही कानात ती लय असल्याने आपोआप झाले, याला महत्त्व नाही. महत्त्वाचे हे की अर्थाचा अर्धा भाग इथे चालीने वाहून आणला आहे, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या हाती फक्त उरलेला अर्धा लागतो.

आता चालीवर शब्द बसवण्याचा मुद्दा. आमच्या बैठकीत गीताविरुद्ध सर्वांत जोरकस आक्षेप हाच असतो: चाल आधी आणि शब्द नंतर, म्हणजे कवी सुतार झाला, ठरलेल्या चौकटीत फळ्या ठोकू लागला. चवथीला फुगडीची पथके हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर गणपतीची नवी गाणी रचतात. भजनी मंडळेही अधूनमधून तेच करतात, आणि ते ऐकून सुशिक्षित कवी कानांवर हात ठेवतात. त्यातली बहुतेक गाणी वाईट असतात हे मी नाकारणार नाही. पण मग याच कवींना मी विचारते की 1916 सालच्या 'स्वयंवर' नाटकात खाडिलकरांनी काय केले? भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चिजा दिल्या आणि त्यांच्या वळणावर खाडिलकरांनी मराठी पदे लिहिली. किर्लोस्करांच्या काळापासून मराठी संगीत नाटकातली असंख्य पदे आधी ठाऊक असलेल्या चालींवर रचली गेली आहेत. ती चाल ख्यालाची असली की परंपरा आणि सिनेमाची असली की उसनवारी, हा न्याय मला तरी समजत नाही. आंबेडकरी जलशांतून, पोवाड्यांतून आणि आमच्या शिगम्याच्या गाण्यांतूनही ओळखीची चाल घेऊन तीत नवा आशय भरण्याचे काम लोक करत आले आहेत, कारण चाल ओळखीची असली की शब्द एका रात्रीत गावभर होतात. शब्द चालीत नेमके बसणे हे कौशल्य आहे. ते काव्य आहे की नाही हे बसलेले शब्द पाहून ठरवावे, बसवण्याची क्रिया पाहून नव्हे.

संगीत नाटकाचा विषय निघालाच आहे तर मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींना वगळता येणार नाही. वडील बाळूबुवा कीर्तनकार, म्हणजे शब्द श्रोत्यांपर्यंत स्वच्छ पोचलाच पाहिजे हे शिक्षण घरातच झालेले. त्यांनी 1964 साली 'मत्स्यगंधा'ला संगीत दिले, पुढे 'ययाति आणि देवयानी', 'कट्यार काळजात घुसली', 'हे बंध रेशमाचे' ही नाटके आली, आणि नाट्यपदाचा तानांनी लांबवलेला जुना घाट बदलून पद आटोपशीर झाले. या नाटकांपैकी दोहोंची पदे लिहिणारी माणसे पाहा: कुसुमाग्रज आणि शांता शेळके. यांना कवी म्हणायला कोणाची हरकत नाही. तेच 1955 ते 1956 या काळात पुणे आकाशवाणीसाठी छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' लिहिणाऱ्या ग. दि. माडगूळकरांचे, 1973 साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा हा वाद खरे तर निकालात निघायला हवा होता. 2016 साली बॉब डिलनला नोबेल मिळाल्यावर तो पुन्हा उकरला गेला आणि आमच्या बैठकीतही महिनाभर पुरला. रवींद्रनाथांच्या नोबेलच्या वेळी, 1913 साली, गीत आणि कविता यांची अशी फारकत बंगालला सुचलीही नव्हती, एवढे सांगून मी त्यातून अंग काढून घेतले.

गीताची बाजू इतकी लावून धरल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. गळा फसवतो. कविसंमेलनात ज्याचा आवाज गोड, त्याला टाळ्या जास्त. सामान्य ओळ यमनात म्हटली की ती सामान्य उरत नाही, निदान पुढची ओळ येईपर्यंत. 'मन', 'चांदणे', 'पाऊस', 'सय' हे चार शब्द हाताशी असले की कोणालाही गीत लिहिता येते आणि सुरेल गळा असला की ते खपतेही. चाल स्वतःची व्याकुळता घेऊन येते आणि शब्द तिच्यावर फुकट स्वार होतात. याला उपाय म्हणून बहुतेकजण एक कसोटी सुचवतात: चाल काढून घ्या, नुसते शब्द वाचा, टिकले तर कविता, नाही तर नाही. ही कसोटी वरवर कठोर आणि न्याय्य दिसते, पण तिच्यात गफलत आहे. चांगल्या गीतकाराने चालीसाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा चाल काढल्यावर पोकळच दिसणार. सारे काही सांगून संपलेल्या शब्दांना चाल लावण्याचे प्रयोजन काय? मी नवोदितांना उलटा प्रश्न विचारायला सांगते: या शब्दांत चालीने करण्यासारखे काही उरले आहे का, आणि उरले असेल तर ते नेमके कोठे? ध्रुवपद दुसऱ्यांदा येते तेव्हा मधल्या अंतऱ्यामुळे त्याचा अर्थ थोडा तरी हलतो का? हलत नसेल तर पुनरावृत्ती वाया गेली, मग आवाज कितीही गोड असो.

असे नियम सांगताना मला एक कविता नेहमी आडवी येते. ऐकणाऱ्याला मागची ओळ पुन्हा उलटून पाहता येत नाही, म्हणून गीत एका ऐकण्यात समजले पाहिजे, त्यातल्या प्रतिमा सरळ असल्या पाहिजेत, असे आपण म्हणतो. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे भावगीताचा ध्रुवपद आणि दोनतीन अंतरे हा घाट पक्का झाला आणि सोपेपणाचा आग्रहही. आणि मग ग्रेस यांची 'भय इथले संपत नाही' उभी राहते. ती एका ऐकण्यात समजत नाही, दहा वाचनांतही पुरती हाती लागत नाही, आणि तरी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे ती अशा माणसांच्या ओठांवर आहे ज्यांनी ग्रेस यांचे पुस्तक हातातही धरलेले नाही. जी दुर्बोधता छापील पानावर वाचक सहन करत नाही, ती गाण्यात तो आनंदाने सोबत वागवतो, अर्थ लागण्याची घाई न करता. म्हणजे चाल कधी कधी कवितेला सोपे न करता तिला वेळ मिळवून देते. हे कसे घडते याचा उलगडा मला अजून झालेला नाही; तो होईपर्यंत गीत सोपेच हवे असे मी कोणाला सांगणार नाही.

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही, हे मी कुतूहलाने पाहत आले आहे. मांडा या त्यांच्या कोंकणी गीतप्रकारात शब्द आणि स्वर बहुधा एकाच माणसाच्या हातचे; लोटलीच्या तोर्कुआत द फिगेरेदोंनी 'आदेवस' लिहिले आणि त्याला चालही त्यांनीच दिली. तियात्रातले, म्हणजे त्यांच्या कोंकणी नाटकातले, कांतार (गाणे) ऐकायला जाणारा प्रेक्षक गाणाऱ्याचा आवाज, यमकाची नेमकी पकड आणि शेवटच्या कडव्यातला टोला यांचा एकत्रच निवाडा करतो आणि आवडले तर पुन्हा म्हणायला लावतो. त्यांच्याकडे गाणे लिहिणारा कोणाची क्षमा मागत नाही.

आमच्या बैठकीत आता दोन गोष्टी बदलल्या आहेत, दोन्ही बऱ्याच कुरबुरीनंतर. एक, गीत आणणाऱ्याने आधी ते वाचायचे आणि मग गायचे किंवा कोणाकडून गाऊन घ्यायचे, आणि चर्चा दोन्ही झाल्यावर करायची. म्हणजे गळ्याचे श्रेय गळ्याला आणि शब्दाचे शब्दाला जाते. दुसरी, पेटीमास्तरांना आग्रहाने बोलावायचे. ते दर वेळी येत नाहीत. भजनी स्पर्धांचा मोसम असला की त्यांना उसंत नसते आणि श्रावणात वास्कोचा सप्ताह आला की त्यांचे नावही काढायचे नसते. आले तर बहुतेक वेळ गप्प असतात, कवितांच्या वेळी तर डोळे मिटून बसतात, ज्याचा काहीजणांना राग येतो. गीत सुरू झाले की मात्र त्यांची बोटे मांडीवर चालू लागतात, आणि बोटे कुठे अडली ते पाहायला आमच्यातले दोघेतिघे आता शिकले आहेत.

तिसरी गोष्ट अजून वादात आहे. मंडळाचा वार्षिक संग्रह निघतो त्यात गीते घ्यायची हे या वर्षी ठरले, पण ती कशी छापायची यावर एकमत होत नाही. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून मूळ चिजेचे वा पदाचे पहिले शब्द छापलेले असत. तसेच आपणही छापावे असे माझे म्हणणे आहे, आणि मूळ चाल सिनेमाची असेल तर सिनेमाचीही लिहावी. संपादक मंडळातल्या काहींना त्यात कमीपणा वाटतो. संग्रह कवितेचा असताना पानावर 'ताल केरवा' असे लिहिलेले बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. मुद्रिते पुढच्या महिन्यात येतील. 'भिजुनी' लिहिणाऱ्या मुलीने आपल्या गीतावर मास्तरांनी सांगितलेला राग आणि ताल हाताने लिहून दिला आहे, आणि तो कागद कच्च्या प्रतीला टाचून मी छापखान्याकडे पाठवलेला आहे.